काझुयाने उडवलं की मी खाली येतच नाही

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेमबद्दल पत्र आलंय, ते असं आहे : "दादा, मी आचऱ्याचा, अकरावीत आहे. दर गणपतीत मुंबईचा चुलतभाऊ प्लेस्टेशन घेऊन येतो आणि आरत्या झाल्या की माजघरात टेकन 7 सुरू होतो. तो काझुया घेतो, मी लॉ. त्याने एकदा मला वर उडवलं की मी खाली येतच नाही, निम्मी लाईफ हवेतच जाते, सगळी बटणं एकदम दाबली तरी सुटत नाही. यंदा 21 मॅचमध्ये 2 जिंकलो. तो म्हणतो, मेल्या, आधी पाय जमिनीक लावून दाखव. सगळी भावंडं हसतात. यूट्यूबवरून लॉचे कॉम्बो पाठ केलेत पण मारायची वेळच येत नाही. घरी गेम नाही, रविवारी कणकवलीला मित्राकडे पीएस 4 वर खेळतो. शिमग्याला तो परत येतोय. कॉम्बोतून सुटायचं कसं ते सांग."

अरे भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगतो, पोटात कालवलं, कारण ते माजघर, ते मागे गोळा झालेले सगळे, आणि आपला गडी हवेत गटांगळ्या खातोय आणि हातातल्या कंट्रोलरचा काही उपयोग नाही, हे मी सगळं बघितलेलं आहे. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. टेकनमध्ये हवेत गेल्यावर सुटता येत नाही. तू दहा बटणं दाब नाहीतर एकही दाबू नकोस, काही फरक पडत नाही. काही गेममध्ये मधेच सुटायची सोय असते, 1994 च्या किलर इन्स्टिंक्टमध्ये कॉम्बो ब्रेकर होता, मॉर्टल कॉम्बॅटच्या काही भागांत मीटर खर्च करून सुटता येतं, गिल्टी गिअरमध्ये बर्स्ट आहे, आणि तिथूनच ही "सगळी बटणं दाब, सुटशील" वाली गोष्ट पसरली असणार. टेकनमध्ये ती सोय नाही. कॉम्बोचा अर्थच हा आहे की पहिल्या फटक्यातून तू सावरायच्या आत दुसरा बसतो, दुसऱ्यातून सावरायच्या आत तिसरा. गंमत म्हणजे 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 मध्ये ही गोष्ट कुणी ठरवून ठेवलीच नव्हती, फटके असे जोडले जातात हे बनवणाऱ्यांना नंतर कळलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

म्हणजे तुझा प्रश्नच बदलायला पाहिजे. "कॉम्बोतून कसं सुटू" हा नाही, "मला वर उडवलं कशाने" हा. तुझ्या अख्ख्या पत्रात ही एकच गोष्ट नाहीये बघ. निम्मी लाईफ गेली ते लिहिलंस, हसले ते लिहिलंस, स्कोअर लिहिलास, पण पहिला फटका कुठला होता, उभा होतास का बसलेला, तू काही मारत होतास का नुसता ब्लॉकवर, म्हणजे फटका अडवत, होतास, हे काहीच नाही. आणि मला वाटतं तुला ते आठवतही नसेल, कारण हवेत गेल्यावर डोकं कॉम्बोकडे जातं आणि त्याच्या आधीचा अर्धा सेकंद पुसला जातो. सगळं काही त्या अर्ध्या सेकंदात आहे.

माझं सांगतो. रत्नागिरीला एसटी स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमवाला होता, टेकन 3, अर्ध्या तासाला 5 रुपये, आणि मे महिन्यात आम्ही काजूच्या बिया गोळा करून विकायचो आणि ते सगळे पैसे तिथे जायचे. तिथे एक मोठा मुलगा एडी घेऊन बसायचा, सारखा जमिनीवर हात टेकून पाय फिरवणारा, आणि मी रोज हरायचो. एक दिवस पैसे संपले म्हणून खेळता येईना, पण घरी जाववेना, म्हणून त्याच्या खुर्चीमागे उभा राहून दुसऱ्यांना हरताना बघत बसलो. तासाभराने कळलं की हा पन्नास गोष्टी करत नाही, हा तीन गोष्टी करतो, आणि पुढचं सगळं त्या तीनातल्या एका गोष्टीला लागून येतं. समोर बसून खेळताना हे मला महिनाभर दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिंकलो असं नाही, बरेच दिवस हरलोच, पण कशाने हरलो ते सांगता यायला लागलं. मला विचारशील तर मी तिथेच खेळायला शिकलो.

तुझ्या भावाचं तसंच असणार. कॉम्बो ढीगभर असतात, पण सुरू करायच्या जागा मोजक्या. काझुयाचं तर फारच मोजकं आहे. तो खाली वाकून सर्रकन पुढे घुसतो ना, क्राऊच डॅश, तिथून त्याच्याकडे मुख्य तीन धोके आहेत. एक, इलेक्ट्रिक, म्हणजे हातातून वीज चमकते ती अपरकटसारखी. ती हाय आहे, तू बसलेला असशील तर डोक्यावरून जाते. दोन, हेल स्वीप, पायात येणारी लो, ती उभ्याने अडत नाही, बसूनच अडवावी लागते. तीन, मिड, म्हणजे मधल्या उंचीचा फटका, उदाहरणार्थ थंडर गॉड फिस्ट, जी बसलेल्या माणसाला लागते आणि वर उडवते. आता तुझी अडचण बघ, उभा राहिलास तर पायात, बसलास तर मिडने वर. मुंबईच्या भावाकडे जादू नाही, त्याच्याकडे हा एक पेच आहे आणि तो पेच तुला पाठ झाला की निम्मी भीती तिथेच जाते.

पेच सोडवायचा कसा, तर आधी हिशोब मांडायचा की कुठली चूक किती महाग पडते. हेल स्वीप लागली तर तू आडवा होतोस, थोडी लाईफ जाते, राग येतो, पण ती निम्मी लाईफ नाही. बसलेला असताना मिड लागली तर मात्र तू वर आणि पुढचं तुला माहितीच आहे. म्हणून रोजची सवय उभं राहण्याची ठेव. टेकनमध्ये काहीच न दाबता उभा राहिलास तरी हाय आणि मिड आपोआप अडतात, हे खूप जणांना माहिती नसतं, आणि बटणं बडवणाऱ्याला त्याचा फायदाच मिळत नाही कारण तो कधी मोकळा उभा नसतोच. हेल स्वीप अधूनमधून खाऊन घे. पण एखाद्या वेळी, जिथे तुला वाटतं की आता हा पायातच येणार, आधीची लागली म्हणून हावरट झालाय किंवा तुझी लाईफ एवढीशी राहिली आहे आणि त्याला लोने संपवायचंय, तिथे बस. हेल स्वीप ब्लॉक झाली की काझुया वीसहून जास्त फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त, अडकून पडतो. तेवढ्या वेळात तू बसल्या जागेवरून उठता उठता मारायचा लाँचर, म्हणजे समोरच्याला वर उडवणारा फटका, आरामात लावू शकतोस, आणि यूट्यूबवरून पाठ केलेला तो कॉम्बो तेव्हा मारायचा. मारायची वेळच येत नाही म्हणालास ना, ती वेळ हीच आहे. एकदा जर तू हेल स्वीप अडवून त्याला उडवलंस ना, तर पुढच्या वेळी तो पायात यायच्या आधी दोनदा विचार करेल.

फ्रेमचं थोडं सांगतो, घाबरू नकोस. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, त्यातलं एक म्हणजे एक फ्रेम. डोळ्याने बघून बोटापर्यंत यायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. म्हणून काझुयाची हेल स्वीप दिसल्यावर बसू म्हणशील तर उशीर होतो, ती ओळखावी लागते, आधीच. पण ब्रायन नावाच्या गड्याची स्नेक एज सारखी लो जवळजवळ 30 फ्रेमची आहे, ती दिसते, ती दिसल्यावर बसायलाच पाहिजे, आणि ती खाल्लीस तर दोष तुझा. कुठली दिसते आणि कुठली ओळखावी लागते हे वेगळं करायला शिक, नाहीतर "माझे रिफ्लेक्स स्लो आहेत" असं उगाच मनात घेऊन बसशील.

आता तुझी सगळ्यात मोठी चूक, जी तू लिहिली नाहीस पण मला खात्री आहे की होत असणार, कारण सगळ्यांची होते. ब्लॉक केल्यावर लगेच मारायला जातोस. इलेक्ट्रिकचंच घे. ती उभ्याने ब्लॉक केलीस तरी तो तुझ्याआधी 5 फ्रेम मोकळा होतो. तुझा सगळ्यात जलद फटका जॅब, तो लागायला 10 फ्रेम. तो मोकळा झाल्यापासून मोजलं तर तुझा हात 15 व्या फ्रेमला पोचणार, त्याचा जॅब 10 व्या. तू आधी बटण दाबलंस असं तुला वाटतं, पण तुझा हात निघालेला असताना तू ब्लॉकवर नसतोस, उघडा असतोस, आणि त्यात तो परत इलेक्ट्रिक मारतो आणि तू वर. बहुतेक वेळा तुला त्याने नाही उडवलं, तुझ्या घाईने उडवलं. मागे भावंडं "मार, मार" ओरडत असतात तेव्हा हात शिवशिवतात हे मला कळतं, पण तिथे थांब. ब्लॉक, मग अजून एक ब्लॉक, मग बघ तो काय करतो.

कबड्डी खेळतोस ना? तिकडे आचऱ्याला खेळत नसशील असं होणार नाही. कोपऱ्यातला चांगला खेळाडू चढाईवाला आत आल्या आल्या त्याच्यावर उडी घेत नाही, तो मागे सरकतो, वाकून त्याचे पाय बघत राहतो, आणि चढाईवाल्याने बोनससाठी पाय लांब टाकला आणि वजन त्या पायावर गेलं की मग घोटा. आधी झेप घेतली की हातात काही येत नाही आणि गडी बाद होतो. टेकनमध्ये फटका हुकणं किंवा ब्लॉक होणं म्हणजे तो लांब टाकलेला पाय. तुला फक्त तो पाय ओळखायचाय.

मागे सरकण्यावरून, बॅकडॅश शिक. दोनदा मागे दाबलं की गडी मागे उडी घेतो, त्याचा फटका हवेत जातो आणि तो तुझ्यासमोर उघडा. आणि साईडस्टेप. काझुया समोरून जेवढा भयंकर आहे तेवढा बाजूने नाही, आणि त्यातही तुझ्या गड्याच्या डाव्या हाताला सरकलास तर इलेक्ट्रिक बऱ्याचदा हुकते. आता हे डावं गड्याचं डावं हं, तुझं नाही. तू स्क्रीनवर डाव्या बाजूला असशील तर वरचं बटण हलकं दाबायचं, उजव्या बाजूला असशील तर खालचं. मी हे तोंडाने बोलून बोलून पाठ केलं होतं, डावीकडे वर, उजवीकडे खाली.

अजून एक, तू ज्याला कॉम्बो म्हणतोस त्यातलं बरंचसं कॉम्बो नसतंच. हवेतलं खरं कॉम्बो, मान्य. पण जमिनीवर उभा असताना तो तीन-चार फटक्यांची माळ लावतो, त्यातल्या पुष्कळ माळांमध्ये मधला किंवा शेवटचा फटका हाय असतो आणि तू खाली बसलास तर तो डोक्यावरून जाऊन तो तुझ्यासमोर ताटकळतो. पहिले दोन ब्लॉक झाले म्हणजे तिसराही उभ्यानेच घ्यायचा असा नियम नाही. कुठल्या माळेत कुठे हाय आहे हे शोधायला प्रॅक्टिस मोडमध्ये तू स्वतः काझुया घे आणि कमांड लिस्टमधली एकेक माळ मारून कुठला फटका हाय, मिड का लो ते बघ. भावाच्या आवडीच्या दोन माळा सापडल्या तरी पुष्कळ झाल्या. थ्रोचं, म्हणजे पकडून आपटण्याचंही तसंच, सुटायला समोरच्याचा डावा हात पुढे आला तर चौकोन, उजवा आला तर त्रिकोण, दोन्ही आले तर दोन्ही. काझुयापुरतं हे पुढे ढकललंस तरी चालेल, पण तो किंग, पकडून आपटणारा पैलवान, घेऊन बसला तर आधी हेच शिक.

आणि वर गेलासच, तर? जाशीलच, सगळे जातात. तेव्हा बोटं बटणावरून उचल. खरंच उचल. एक श्वास घे आणि मनात म्हण, कशाने गेलो, हाय, मिड का लो, मी काय करत होतो. ते दोन-तीन सेकंद तुझे आहेत, त्यात तो नुसता पाठ केलेलं मारतोय, विचार करायची मोकळीक तुला आहे. शेवटचे फटके तसेही कमी लागतात, गेम मुद्दाम त्यांचा जोर उतरवत नेतो. मग पाठ जमिनीला लागायच्या क्षणी एकच बटण, एकदाच, की गडी बाजूला लोळून उठतो. पण दर वेळी नको. तो उठण्याची वाट बघत उभा आहे असं दिसलं तर कधी कधी नुसता पडून राहा. आणि पडल्या पडल्या लाथ मारत उठायची सवय असेल तर ती आधी मोड, कारण तो ती ब्लॉक करून बसलेला असतो आणि तू परत त्याच्या ताब्यात.

रविवारचं. मित्राकडे तीन तास मिळत असतील तर पहिला एक तास मॅच खेळूच नका. प्रॅक्टिसमध्ये समोरच्या गड्याच्या हालचाली रेकॉर्ड करता येतात. मित्राला काझुया देऊन हेल स्वीप आणि मिड दोन्ही रेकॉर्ड कर, आलटून पालटून लाव, आणि तू फक्त अडव. मारायचं नाही. हात दुखतील, कंटाळा येईल, मित्र वैतागेल, त्याला नीट समजावून सांग आणि जाताना काहीतरी खायला घेऊन जा. मग एक पूर्ण राऊंड असा खेळ की मी एकही फटका मारणार नाही, टाईम संपेपर्यंत जिवंत राहणार. 60 सेकंद जिवंत राहिलास तर मला कळव, तो राऊंड हरलास तरी कळव.

घरी गेम नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, यातलं निम्मं काम मोबाईलवर होतं. काझुयाच्या मॅच लाव, स्पीड अर्धा कर, आणि प्रत्येक फटक्याला तोंडाने बोल, हाय, मिड, लो. घरचे विचारतील काय चाललंय, सांग त्यांना. एक वही कर, दोनच रकाने, "कशाने उडालो" आणि "तेव्हा मी काय करत होतो". दहा ओळी झाल्या की तुला तुझीच सवय दिसेल, आणि मी पैज लावत नाही पण बहुतेक ती "ब्लॉक केल्यावर लगेच मारलं" हीच निघेल.

तुला एक जुनी मॅच सांगतो, बघ शोधून. 2004, अमेरिकेतली एव्हो स्पर्धा, स्ट्रीट फायटर थर्ड स्ट्राईक. जपानचा दाईगो उमेहारा, लाईफ एवढीशी, नुसतं ब्लॉक केलं तरी मरेल इतकी, आणि समोर जस्टिन वाँगची चुन ली, जिने सुपर, म्हणजे मोठा खास हल्ला, सोडली, 15 फटके सलग. दाईगोने प्रत्येक फटका पॅरी केला, म्हणजे नेमक्या क्षणी पुढे दाबून अडवला, आणि मग जिंकला. लोक त्याला रिफ्लेक्स म्हणतात. मी म्हणतो तो ठेका आहे, त्याला त्या 15 फटक्यांचा ठेका भजनातल्या टाळासारखा पाठ होता, आणि पहिली पॅरी तर सुपर येणार हे ओळखून जवळजवळ आधीच दाबावी लागते. तुझ्या गेममध्ये तशी पॅरी नाही, पण भावाचा ठेका आहे. गणपतीत तू 21 मॅच त्याच्यासमोर बसलास, तेवढा त्याला कोण ओळखतं? कधी घुसतो, पहिल्या राऊंडला काय मारतो, लाईफ कमी झाली की काय करतो. आत्ताच आठवून लिही, अजून विसरला नसशील.

हसण्याचं. ते लागतं, मी "लक्ष देऊ नकोस" वगैरे सांगणार नाही कारण ते जमत नाही. पण एक कर, या वेळी भावालाच विचार, "मगाशी मला कशाने उडवलंस, परत दाखव ना". टोमणे मारणारी माणसं बऱ्याचदा शिकवायला सगळ्यात उत्सुक असतात, आणि मुंबईहून सामान उचलून प्लेस्टेशन गावी आणणारा माणूस वाईट नसतो रे, त्यालाही खेळायला कुणीतरी हवं असतं. सुट्टीत समोरचा खेळाडू तगडा झाला तर त्यालाही मजाच येईल.

आणि टीव्ही बघून घे. माजघरातल्या टीव्हीवर सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू कर, नसला तर चित्र चांगलं दाखवणाऱ्या बाकीच्या करामती बंद कर, कारण त्यांच्यामुळे चित्र उशिरा येतं आणि तुझे आधीच कमी पडणारे चार-पाच फ्रेम तिथेच जातात. हे त्याच्यासाठीही सारखंच आहे, पण अडवणाऱ्याला जास्त नडतं.

शिमग्याला पालखी घरी येऊन गेली की बसाल खेळायला. पहिल्या पाच मॅच जिंकायच्या नाहीत असं आधीच ठरव, त्या फक्त वही भरायच्या. मग मला ते पान पाठव, जिंकलास का हरलास ते नको, पान पाठव. आणि भावाने काझुया सोडून दुसरा कुणी घेतला तर कोण ते लिही, त्याचं वेगळं बोलू.